सत्तेचाळीस नंबरची बाई

मुकादम परशुराम लुनावरून बांधावर आला तेव्हा शेवंती मिठागरातल्या कोंडीत, मिठाच्या वाफ्यात, घोटाभर खाऱ्या पाण्यात उभी होती. लांब दांड्याची फळी ओढून ती मीठ बांधाकडे जमवत होती आणि मागे हौसाबाई पाट्या भरत होती. सकाळचे दहाही वाजले नव्हते, तरी पाणी पायांना चटके देत होतं. शेवंतीच्या डाव्या टाचेच्या भेगेत मीठ शिरलं होतं, म्हणून ती पाय वाकडा टाकत होती. वैशाख अर्धा सरला होता. पावसाच्या आत शेवटचं मीठ उचलायचं, त्या दिवसांत आगरातल्या माणसांना दुसरं काही सुचत नव्हतं.

परशुरामाला सुचत होतं. त्यानं लुना लावली, खिशातून घडीचा कागद काढला आणि बांधावरूनच ओरडला, "ए सत्तेचाळीस! वर ये."

नावानं हाक मारायची रीत आगरात नव्हतीच. ज्याच्या त्याच्या कमरेला पितळेचा बिल्ला आणि बिल्ल्यावर नंबर. शेवंती फळी टेकवून वर आली.

"गुरुवारी ठाण्याला जायचं. टेंभी नाक्याच्या मागं ते जमिनीचं हापिस आहे ना, तिथं. सगळ्या नंबरांची पडताळणी आहे. तुझ्या नंबरावर लाल खूण आलीय."

"माज्याच कशाला?"

"तुझा नंबर मनुबाई गोमाजी भोईर हिच्या नावावर आहे. मनुबाई मेली नऊ वर्षांमागं. मेलेली बाई मीठ कशी काढते, असं विचारतात ते."

हौसाबाईनं भरलेली पाटी खाली ठेवली आणि दुसरीकडे बघायला लागली. तिच्या कमरेला एकावन्न नंबर होता. तो तिच्या आतेसासूच्या, रंभाच्या नावावर होता आणि रंभाही केव्हाच मेलेली होती. निम्मं आगर असंच होतं. बिल्ला माणसाचा नसतो, घराचा असतो, असं इथं सगळे धरून चालत. सासूचे गुडघे गेले की बिल्ला सुनेच्या कमरेला यायचा. नवा नंबर मागितला तर पार खाडीच्या टोकाची कोंडी मिळायची, तिथून गोदामापर्यंत डोक्यावर पाटी घेऊन चालता चालता मान मोडायची. जुना नंबर म्हणजे जवळची कोंडी. मनुबाईनं सत्तेचाळीस नंबर शेवंतीच्या हातात दिला तेव्हा शेवंतीच्या लग्नाला चार महिने झाले होते. त्याला आता चौदा वर्षं होत आली. हजेरीला "मनुबाई" म्हटलं की ती "हजर" म्हणायची. मुकादमाला ठाऊक होतं, तेव्हा हयात असलेल्या आगरवाल्या शेठच्या कारकुनाला ठाऊक होतं. कुणाचं काही अडलं नाही, कारण मीठ निघत होतं.

आता अडलं होतं. पंच्याण्णव साल होतं, घोडबंदर रोडला बिल्डिंगा उठत होत्या आणि आगराची जमीन सरकारी कामाला जाणार होती. आगरातल्या खोल्यांची ओळ दिवाळीनंतर पाडायची ठरली होती. ज्याचं नाव दहा वर्षं हजेरीपटावर असेल त्याला रस्त्यापलीकडे घरापुरती जागा मिळणार होती. ज्याचं नसेल त्यानं कुठं जायचं, हे कागदावर लिहिलेलं नव्हतं. बिल्ल्याचा नंबर, रेशनकार्डाचा नंबर आणि नवीन निघालेल्या फोटोवाल्या मतदार कार्डाचा नंबर, तिन्ही एका नावावर जुळले तर माणूस खरा. नाही जुळले तर बोगस. साहेबलोकांनी खऱ्या-खोट्याचा निकाल इतका सोपा करून टाकला होता.

यातला संताप आणणारा भाग पुढेच आहे. हौसाबाईच्या नंबरावर लाल खूण आली नव्हती. रंभाचं मरण कुणी कुठं नोंदवलंच नव्हतं, ती रेशनकार्डावर अजून जिवंत होती, आणि मतदार कार्डाचा फोटो काढायला हौसाबाईच रंभा होऊन बसली होती. शेवंतीनं मात्र सासू गेली त्याच महिन्यात मयताची नोंद केली होती आणि स्वतः रेशनच्या ऑफिसात जाऊन तिचं नाव कमी करून आणलं होतं. बाया हसल्या होत्या तेव्हा. म्हातारीचं धान्य फुकट सोडलंस, म्हणाल्या होत्या. "मेलेल्या मानसाचा कसा खायाचा?" एवढंच शेवंती म्हणाली होती. तेवढ्या प्रामाणिकपणापायी ती पकडली गेली.

त्या दिवशी तिनं बासष्ट पाट्या वाहिल्या. डोकं तापून गेलं होतं तरी खाडा करून चालणार नव्हतं.

संध्याकाळी परशुराम खोलीवर आला. शेवंतीचा नवरा मोरू दारात बसून फाटकं जाळं विणत होता. आगर बंद झालं की पावसाळाभर तो खाडीत जाळं टाकायचा. मुकादम दारात आलेला बघून त्यानं बसायला पाट दिला आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. शेवंतीनं टाकला नाही.

"तोड निघते," परशुराम म्हणाला. "गुरुवारी साहेबानं नाव विचारलं की मनुबाई गोमाजी भोईर सांगायचं. मयताची नोंद चुकून झाली, असा अर्ज मी लिहून आणतो. चार ओळींचं काम."

"म्हातारी आज असती त एकाहत्तरची असती," शेवंती म्हणाली. "मी अडतीसची हाय."

"वय कोण बघतो? नंबर बघतात. आणि मिठातल्या बाया सगळ्या एकाहत्तरच्याच दिसतात."

तो हसला. मोरूही हसला, आणि शेवंतीला नवऱ्याचा राग मुकादमापेक्षा जास्त आला.

"मंग तुमाला काय पायजे?" तिनं विचारलं. परशुराम कुणाचं काम उगाच करत नाही हे तिला माहीत होतं.

"काही नाही. आमची एक्याऐंशी ते एकोणनव्वद नंबरची माणसं आहेत. जुन्या कामगारानं ओळख पटवायची, असा नियम काढलाय. हे आमच्यासोबत आगरात काम करतात, एवढं म्हणायचं आणि अंगठा द्यायचा."

एक्याऐंशी ते एकोणनव्वद! परशुरामाचा जावई, दोन मेहुणे, साडू, साडूची बायको, असे नऊजण. कुणाचं कळव्याला किराणा दुकान, कुणाचा टेम्पो, कुणी नुसता पांढरे कपडे घालून नाक्यावर उभा. दहा वर्षांत त्यांतला एकही कोंडीत उतरला नव्हता. पण त्यांची रेशनकार्डं चकचकीत, मतदार कार्डं चकचकीत, तिन्ही नंबर जुळत होते. त्यांच्यावर लाल खूण नव्हती. नऊ जागा त्या घरात जाणार होत्या आणि तिला एक मिळायची तर मेलेल्या सासूचं नाव लावून, वर या नऊजणांसाठी साक्ष देऊन.

"मी नाय देनार," शेवंती म्हणाली.

"अगं, डोका ठिकान्यावर हाय काय?" मोरू उठलाच. "म्हातारीचा नाव घेतलास त काय तोंड बाटतंय तुजा? चवदा वर्सा रोज हजर बोल्लीस ना?"

"रोज बोल्लू. कामासाठी बोल्लू. चोरीसाठी नाय."

"आनि जागा गेली त? पोरीला घेऊन कुठं जाशील? खाडीत?"

ती चुलीपुढे जाऊन बसली आणि भाकरी इतकी जोरात थापली की पीठ बाजूला उडालं. परशुराम उठता उठता म्हणाला, "मोरू, समजाव तिला. खोटं नाव सांगून चौदा वर्षं काम केलं म्हणून पोलीस केसही होते. मी काही मध्ये पडणार नाही." मोरू त्याला लुनापर्यंत सोडायला गेला.

गुरुवारी आगरातले सगळे नंबर त्या ऑफिसच्या व्हरांड्यात बसले होते. सकाळी नऊला बोलावलं होतं, साहेब साडेअकराला आला. पाण्याचा माठ आत होता आणि शिपाई बायांना आत जाऊ देत नव्हता. परशुरामाच्या नऊ माणसांना मात्र भिंतीकडेच्या खुर्च्या मिळाल्या होत्या. जावयानं टेरिकॉटचा शर्ट घातला होता आणि तो रुमालानं वारा घेत होता.

दुपारी दोननंतर एकावन्न नंबर पुकारला. हौसाबाई आत गेली, "रंभा" म्हणाली आणि पाच मिनिटांत बाहेर आली. तिनं शेवंतीकडे बघितलं नाही. सत्तेचाळीस नंबर मुद्दाम मागे ठेवला होता. तो पुकारला तेव्हा सव्वातीन झाले होते.

टेबलामागे साहेब, बाजूला कांता नावाची तरुण कारकून बाई, तिच्यापुढे शाईचं पॅड आणि आगराच्या हजेरीपटांचा ढीग. परशुराम ओळख पटवायला म्हणून सकाळपासून आतच उभा होता.

"नाव?" साहेबानं विचारलं.

दाराशी मोरू येऊन थांबला होता. त्यानं ओठ हलवून मनुबाई, मनुबाई असं सांगितलं. शेवंतीला ते दिसलं.

"शेवंती मोरू भोईर."

परशुरामानं कपाळाला हात लावला. साहेबानं यादी पाहिली. "सत्तेचाळीस नंबर मनुबाईचा आहे. ती शहाऐंशीत वारली. तुम्ही कोण?"

"तिची सून. तिच्यामागं मीच काम करतंय. चवदा वर्सा."

"पुरावा?"

"हजेरीला दर शनवारी माजा अंगठा हाय. काढा बघू."

साहेबाला ते पटलं, हे कबूल केलं पाहिजे. तो वाईट माणूस नव्हता, नियमाचा माणूस होता. "कांताबाई, घ्या यांचा अंगठा. जुन्याशी ताडून बघू," तो म्हणाला.

कांतानं शेवंतीचा अंगठा धरला, पॅडवर फिरवला आणि कागदावर दाबला. कागदावर काळा डाग उमटला. नुसता डाग. कांतानं पुन्हा घेतला, हलक्या हातानं. पुन्हा डागच. तिनं ओलं फडकं आणून अंगठा पुसला, फुंकर घालून वाळवला, आणखी एकदा घेतला. मग तिनं शेवंतीचा हात पालथा-सुलथा करून उजेडाकडे नेला. अंगठ्याचं टोक गुळगुळीत होतं, मध्ये दोन चिरा होत्या आणि बाकी काही नव्हतं.

"सर, रेषाच नाहीत," ती म्हणाली.

"नाहीत म्हणजे?"

"मिठानं खाल्ल्या," शेवंती म्हणाली.

साहेबानं हजेरीपट उघडला. सत्तेचाळीस नंबरासमोर पानामागून पान काळे डाग होते. "आता मी काय लिहू? डागाशी डाग जुळला, असं लिहू?"

परशुराम खोऽ खोऽ हसला. शिपाई हसला. दारातल्या मोरूनं मान खाली घातली. साहेबानं लाल पेन्सिल घेतली, सत्तेचाळीस नंबरावर आडवी रेघ मारली आणि पुढे 'बोगस' लिहिलं. लिहिताना मोठ्यानं वाचलंसुद्धा.

शेवंतीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ऐकू येत होतं. चौदा वर्षं उन्हात पाट्या वाहिल्या, पोर पोटात असताना आठव्या महिन्यापर्यंत फळी ओढली, अंगठ्याची कातडीसुद्धा आगरात गेली, आणि हा पंख्याखाली बसलेला माणूस तिला खोटी म्हणत होता. ती पुढे झाली आणि दोन्ही तळवे त्या टेबलावर आपटले. पेन्सिल उडून खाली पडली.

"मी खोटी? मंग खरी कोन हायत ते बघा! त्या वहीत एक्याऐंशी नंबर काढा. काढा ना! त्येचा अंगठा बघा."

"बाई, आवाज खाली."

"नाय करत खाली! एक्याऐंशी काढा, ब्याऐंशी काढा. एकोननव्वदपरत समदं काढा. ज्येच्या अंगठ्याला रेघा हायत ना, त्येनी मिठात हात घातलेला नाय. आमचे समद्यांचे डाग हायत. येक येक बाईचा हात बघा, भायेर बसल्यान."

परशुरामाचं हसू थांबलं. "साहेब, ही बाई वेडीपिशी आहे, हिला बाहेर—"

पण कांतानं पान उलटलं होतं. एक्याऐंशी नंबरासमोर अंगठा स्वच्छ उमटला होता, एकेक रेष मोजून घ्यावी असा. ब्याऐंशीचाही तसाच. तिनं ड्रॉवरमधून भिंग काढलं. मग ती म्हणाली, "सर, हे नऊही अंगठे एकाच माणसाचे आहेत. डाव्या बाजूला एक आडवा व्रण आहे बघा, सगळ्यांवर. आणि आतल्या रेषांची वळणं बघा, दर शनिवारी तीच."

साहेबानं भिंग घेऊन स्वतः पाहिलं. मग व्हरांड्यातल्या नऊजणांना आत बोलावलं आणि प्रत्येकाला अंगठा दाखवायला लावला. व्रण जावयाच्या अंगठ्यावर निघाला. टेरिकॉटचा शर्ट काखेत ओला झाला होता. परशुराम आधी साहेबाच्या पायांकडे वाकला, मग जावयालाच शिव्या द्यायला लागला, मग सगळा दोष मेलेल्या आगरवाल्या शेठवर ढकलू लागला. बायांनी खिडकीच्या गजांना गर्दी केली होती. दहा वर्षं ज्याच्यापुढे कुणी तोंड उघडलं नाही तो असा घाम पुसताना बघून हौसाबाईनं पदर तोंडाला लावला.

साहेब खूश झाला. त्यानं चहा मागवला. एका दिवसात एवढी मोठी बोगसगिरी पकडली म्हणून वरून शाबासकी येणार होती, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्यानं नऊ नंबरांवर रेघा मारल्या, पंचनामा सांगायला घेतला आणि कांता लिहू लागली. "पडताळणीत एकूण दहा नंबर बोगस आढळले."

शेवंती तिथंच उभी होती. तिनं बोटांवर मोजलं.

"धा कसं? नऊ झालं ना?"

"सत्तेचाळीस धरून दहा."

"मी? मीच त दाखवलं तुमाला!"

"त्याबद्दल आभार आहेत, बाई," साहेब म्हणाला आणि त्याला ते मनापासून वाटत होतं. "पण नियम सगळ्यांना सारखा. तुमच्या नंबराचं नाव वेगळं, माणूस वेगळं. अंगठा जुळत नाही. मला काम दिसतं, पण फॉर्ममध्ये कामाचा रकाना नाही."

कांतानं लिहिणं थांबवलं. "सर, यांचं प्रकरण निराळं आहे."

"कांताबाई, लिहा."

तिनं लिहिलं. नऊजणांनी खाली मान घालून सह्या केल्या. परशुरामानं सही केली. मग साहेबानं कागद शेवंतीपुढे सरकवला आणि पॅड उघडून दिलं. "इथं अंगठा. नंबर खोटा असल्याचं मान्य, एवढंच आहे. केसबिस करत नाही मी तुमच्यावर."

मोरू दारातून आत आला. त्याचा आवाज पडला होता. "दे गो. दे नि चल घरा. झाली तेवरी शोभा पुरे."

शेवंतीनं त्याच्याकडे पाहिलं, मग पॅडकडे. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"आथांच बोल्लात ना, माजा अंगठा चालत नाय म्हनून?"

"तो ओळखीसाठी. हा कबुलीसाठी."

"ज्या अंगठ्यानं मी शेवंती ठरत नाय, त्या अंगठ्यानं चोर कशी ठरतंय? तो कुनाचा पन असेल. मनुबाईचा असेल. जा, तिच्याकरनं घेऊन या."

खिडकीतून कुणीतरी हुंकार भरला. साहेबाचा चेहरा लाल झाला. "दहाही जणांचे सही-अंगठे झाल्याशिवाय पंचनामा पुरा होत नाही. यादी वर जात नाही. सगळ्यांच्या जागा अडतील तुमच्यामुळे!"

"अडूदे."

"बाई, तुमच्याच लोकांचं नुकसान करताय."

"माजा नाव लिवा, मंग अंगठा. सत्तेचाळीस, शेवंती मोरू भोईर. तवर नाय." ती टेबलासमोरच फरशीवर बसली. सुजलेली टाच तिनं पुढे पसरली. मोरू तिला उठवायला वाकला, पण तिच्या तोंडाकडे बघून त्यानं हात मागे घेतला.

साहेबानं घड्याळ बघितलं. पावणेपाच झाले होते. "ऑफिस पाचला बंद होतं," तो म्हणाला.

"करा ना बंद," शेवंती म्हणाली. "यादी त उघडीच ऱ्हाते."